गिल्गमेशला राक्षस कुणी केलं?

मातीची_पाटी

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. ‘बायबलमधला महापूर बाबिलोनमधून चोरलेला!’ खाली डोळे विस्फारलेल्या इमोज्यांची रांग. (बाबिलोन म्हणजे आजच्या इराकातलं प्राचीन शहर.) उत्तर लिहायला बसलो, ते ग्रुपवर मावेना, म्हणून इथे धागा काढतोय.

पुराची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, ती पटकन उरकतो. जॉर्ज स्मिथ हा मूळचा नोटांचे ठसे कोरणारा कारागीर. कीलाक्षरं, म्हणजे तिकडची मातीच्या पाट्यांवर उमटवलेली पाचरीसारखी लिपी, स्वतःच्या हिमतीवर शिकला आणि ब्रिटिश म्युझियममध्ये असिरियाच्या जुन्या राजधानीतून, निनवेहून, आलेल्या पाट्यांचे तुकडे जुळवत बसायचा. १८७२ साली एका तुकड्यात त्याला डोंगरावर टेकलेली नाव आणि तिच्यातून सोडलेलं कबुतर सापडलं. ३ डिसेंबरला त्याने लंडनमध्ये निबंध वाचला, तेव्हा श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टन होते. ती गिल्गमेश नावाच्या राजावरच्या बाबिलोनी महाकाव्याची ११वी पाटी. बायबलमध्ये नाव बांधून पुरातून वाचणारा नोहा, त्याच्या जागी तिथे उत्नपिश्तिम आहे.

इथवर फॉरवर्डवाल्यांनाही माहीत असतं. मला सांगायचंय ते यापुढचं. पुराच्या गोष्टीत ज्यू लेखकांनी गिल्गमेशचं नाव कुठेच घेतलेलं नाही. पण एका पुस्तकात घेतलंय, चक्क नावानिशी. आणि तिथे तो राजा नाही, नायक तर नाहीच नाही.

मृत समुद्राच्या काठी कुमरानच्या गुहांमध्ये १९४७ पासून चामड्याच्या जुन्या गुंडाळ्या मिळत गेल्या. १९५२ साली सापडलेल्या चौथ्या गुहेत तर नुसता चुरा होता, हजारो तुकडे, काही नखाएवढे. ते लावणाऱ्यांमध्ये युझेफ मिलिक नावाचे पोलिश पंडित होते. त्यांच्या लक्षात आलं की अरामी या हिब्रूच्या नात्यातल्या भाषेतले काही तुकडे एका हरवलेल्या पुस्तकाचे आहेत. त्याला आज ‘महाकायांचं पुस्तक’ म्हणतात. कुमरानमध्ये त्याच्या नऊ-दहा प्रतींचे अवशेष आहेत, म्हणजे लोक ते आवडीने वाचत असणार.

गोष्ट अशी. स्वर्गातले दोनशे पहारेकरी देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात, माणसांच्या मुलींशी लग्नं करतात आणि त्यांना आडदांड मुलं होतात. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, सहाव्या अध्यायात चार ओळींत उरकलेला हा प्रसंग इथे पुस्तकभर फुलवलाय. पहारेकऱ्यांचा म्होरक्या शमीहाजा, त्याचे मुलगे ओह्या आणि हह्या. हे महाकाय पृथ्वी ओरबाडून खातात. मग दोघा भावांना वाईट स्वप्नं पडायला लागतात. एकाला बाग दिसते, माळी पाणी घालताहेत आणि मग आग. दुसऱ्याला दिसतं की स्वर्गाचा राजा खाली उतरलाय, आसनं मांडली आहेत आणि वह्या उघडल्या आहेत. अर्थ कुणालाच लागत नाही. शेवटी महवय नावाचा महाकाय गरुडासारखा उडत, वाळवंट ओलांडून, आदामाच्या वंशातल्या शहाण्या हनोखकडे अर्थ विचारायला जातो.

या महाकायांच्या बैठकीत दोन ओळखीची नावं येतात: गिल्गमेश आणि होबाबिश. होबाबिश म्हणजे देवदारांच्या वनाचा राखणदार हुंबाबा. महाकाव्यात गिल्गमेश ज्याचं डोकं उडवतो, तोच. इथे मारणारा आणि मरणारा एकाच टोळीत बसलेत! एका तुकड्यात ओह्या म्हणतो की स्वप्नाने माझी झोप उडवली, त्यावर गिल्गमेश काहीतरी बोलायला लागतो... आणि तिथेच चामडं फाटलंय.

आता गंमत बघा. महाकाव्य म्हणतं, गिल्गमेश दोन-तृतीयांश देव आणि एक-तृतीयांश माणूस. बाबिलोनच्या माणसाला यात अभिमान. ज्यू लेखकाने हेच वाक्य त्याच्या चष्म्यातून वाचलं: अर्धा वरचा, अर्धा खालचा? म्हणजे देवदूतांची ती अवलाद!

आणि त्याहून मोठी खोडी पुढे. महाकाव्यात गिल्गमेश पुरानंतरचा. पुरातून वाचलेल्या म्हाताऱ्याला शोधत तो जगाच्या टोकापर्यंत जातो, मरण कसं टाळायचं ते विचारायला. ज्यू लेखकाने त्याला उचलून पुराच्या अलीकडे ठेवला. टोकाला बसलेला शहाणा माणूस तसाच ठेवला, फक्त तिथे हनोख बसवला. प्रवासही ठेवला, तो महवयला दिला. आणि गिल्गमेश? तो आता बुडणाऱ्यांमध्ये.

याला चोरी म्हणायचं? माझ्या मते ज्याने हे केलं तो महाकाव्य पुरतं ओळखून होता आणि त्याला त्याची जिरवायची होती.

---

ठाणेकर_बाबा

वाचनखूण साठवली. मारणारा-मरणारा एका टोळीत, हे वाचून हसलो.
एक शंका. हनोखच का? उत्पत्तीत त्याच्यावर जेमतेम एक परिच्छेद आहे.

---

मातीची_पाटी

बाबा, नेमका प्रश्न. त्या परिच्छेदातले आकडे बघा. आदामापासून हनोख सातवा. त्याची वर्षं ३६५, आजूबाजूचे सगळे नऊशेच्या आसपास जगत असताना. आणि तो मेला असं म्हटलेलंच नाही, देवाने त्याला नेलं.

सुमेर म्हणजे बाबिलोनच्याही आधीची तिथली संस्कृती. सुमेरी राजावलीत पुराआधीचे राजे आहेत. तिच्या काही प्रतींत सातवा राजा एन्मेदुरंकी, नगर सिप्पर. सिप्परचा देव शमाश, म्हणजे सूर्य. एका पाटीवर असं आहे की शमाश आणि अदाद यांनी एन्मेदुरंकीला आपल्या सभेत नेलं, सोन्याच्या आसनावर बसवलं, पाण्यावर तेल टाकून शकुन कसा बघायचा ते शिकवलं आणि देवांची पाटी हातात दिली. शकुन बघणारे पुरोहित स्वतःला त्याचे वंशज म्हणवायचे.

सातवा, सूर्याचा आकडा, स्वर्गात शिक्षण. हनोखच्या नावावर पुढे जे ग्रंथ झाले त्यात तर तो स्वर्गात जाऊन सूर्य-चंद्राची दारं, महिन्यांचे हिशोब सगळं शिकून येतो. त्यातला चंद्राच्या कलांचा हिशोब बाबिलोनच्या जुन्या ज्योतिषकोष्टकांशी जुळतो. हा मजकूर संपूर्ण स्वरूपात फक्त इथिओपियात टिकला, गीझ भाषेत.

---

खडूस_मिरची

लेख बरा आहे, पण पूर सगळीकडेच येतात हो. शतपथ ब्राह्मणात मनूचा मासा आहे. बायबलमधल्या मोशेला टोपलीत सोडला, कर्णालाही सोडला. मग कुणी कुणाचं घेतलं? तुम्ही लोक बाबिलोनच्या पुढे बघायलाच तयार नाही.

---

मातीची_पाटी

मिरचीताई, मनूवरून धाग्याचं काश्मीर करू नका. :)

साम्य दिसणं वेगळं आणि उसनवारी ठरवणं वेगळं. शेजारणीची आमटी आणि माझी आमटी सारखी लागली म्हणजे तिने माझ्या पातेल्यातून नेली असं नाही. पण तिच्या आमटीत माझ्या घरच्या अंगठीचा खडा सापडला तर?

पुराच्या गोष्टीत असे खडे आहेत. पाणी ओसरलं का बघायला पक्षी सोडणं, तेही ओळीने. उत्नपिश्तिम कबुतर, पाकोळी, कावळा असं सोडतो. नोहा आधी डोमकावळा आणि मग तीनदा पारवा. मग डोंगरावर बळी. मग त्या बळीचा वास देवाला आवडणं. गिल्गमेशमध्ये देव त्या वासावर माश्यांसारखे घोंगावतात. उत्पत्तीत परमेश्वर सुवास घेतो आणि मनाशी म्हणतो, पुन्हा असं करणार नाही. माश्या गेल्या, वास राहिला. मनूच्या गोष्टीत पूर आहे, नाव आहे, डोंगर आहे, पण पक्षी नाहीत. म्हणून मनूबद्दल मी असं ठामपणे म्हणणार नाही.

टोपलीचं म्हणाल तर अक्कदच्या सारगोन राजाची कथा सातव्या शतकातल्या (इसवीसनपूर्व) असिरियन प्रतींत मिळते. आई पुरोहित, गुपचूप बाळंतपण, वेताची टोपली, झाकणाला डांबर, नदी, आणि पाणी काढणारा अक्की त्याला वाढवतो. मोशेशी जवळीक आहे, आणि असिरियाचं राज्य तेव्हा यहूदाच्या, म्हणजे जेरुसलेमच्या राज्याच्या, मानगुटीवरच होतं, म्हणजे वाटही आहे. कर्णाच्या पेटीला महाभारतात मेण लावलंय. टाकलेलं मूल पुढे मोठं होतं, ही कल्पना कुणालाही सुचू शकते. त्यामुळे कर्णाला मी या भानगडीतून मोकळा करतो.

---

शब्दवेडी

डांबरावरून आठवलं. नोहाला तारवाच्या आतबाहेर डांबर लावायला सांगितलंय, तिथे हिब्रू शब्द ‘कोफेर’ आहे. डांबर या अर्थाने तो अख्ख्या बायबलमध्ये एकदाच येतो, इथे. एरवी हिब्रूत ‘हेमार’ किंवा ‘जेफेत’. मोशेच्या टोपलीला हेमार-जेफेतच आहे. आणि अक्कादीत, म्हणजे बाबिलोनच्या जुन्या भाषेत, डांबर म्हणजे ‘कुप्रु’. गिल्गमेशमधल्या नावेला कुप्रुच ओततात. हा तुमचा अंगठीतला खडा!

डांबर मुळात इराकची चीज. फरात नदीकाठी हित गावाला ते जमिनीतून आपोआप वर येतं. सगळ्या नावा त्यानेच सारवायच्या.

आणखी दोन शब्द. जेरुसलेमच्या मंदिराला ‘हेखाल’ म्हणतात. तो अक्कादी ‘एकल्लू’, आणि एकल्लू सुमेरी ‘ए-गल’वरून, अर्थ मोठं घर. म्हणजे आपला वाडाच.

दुसरा ‘शेद’. अक्कादीत ‘शेदू’ म्हणजे दाराशी उभा राहणारा रक्षक आत्मा. हिब्रूत शेद म्हणजे भूतपिशाच्च. राखणदाराचं भूत झालं. गिल्गमेशचं झालं तेच, फक्त एका शब्दात.

---

ठाणेकर_बाबा

‘मोठं घर’ म्हणजे देऊळ. मस्त.

(प्रतिसाद दोनदा पडलाय, संपादकांनी एक उडवावा.)

---

जुनी_पोथी

या विषयात एक मराठी माणूस शंभर वर्षांपूर्वीच उतरला होता, त्याचा उल्लेख हवा. लोकमान्य टिळक. १९१७ साली रा. गो. भांडारकरांच्या गौरवग्रंथात त्यांचा खाल्डियन (म्हणजे बाबिलोनच्या) आणि भारतीय वेदांवर इंग्रजी लेख आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातलं सापाचं विष उतरवायचं सूक्त त्यांनी घेतलं. त्यात ‘तैमात’, ‘आलिगी’, ‘विलिगी’, ‘उरुगूला’ असे शब्द आहेत ज्यांचा अर्थ भाष्यकारांना नीट लागत नव्हता. टिळकांनी तैमात म्हणजे बाबिलोनची समुद्रदेवी तियामत असं मांडलं, आणि ज्यूंच्या देवाचं, यहोवाचं, नावही वैदिक ‘यह्व’ शब्दाशी जोडलं. वैदिक आणि खाल्डियन लोकांची देवघेव होती, हा त्यांचा मुद्दा.

पटो न पटो, मंडालेहून सुटून आलेला, साठी ओलांडलेला माणूस राजकारणाच्या धबडग्यात कीलाक्षरांवरची पुस्तकं वाचतोय, याचंच मला अप्रूप.

---

शब्दवेडी

पोथीकाका, लेख वाचलाय. तैमातपुरता तो आजही चर्चेत येतो. ‘यह्व’ मात्र मला कानाला गोड लागणारं साम्य वाटतं.

टिळक ज्या हवेत लिहीत होते ती समजून घ्यायला हवी. १८९५ साली हेर्मान गुंकेल या जर्मन अभ्यासकाने मांडलं होतं की उत्पत्तीच्या दुसऱ्याच ओळीतलं अथांग पाणी, हिब्रूत ‘तेहोम’, म्हणजे एनुमा एलिश या बाबिलोनच्या सृष्टिकाव्यातली तियामत. बाबिलोनचा मुख्य देव मर्दुक तिला सुक्या मासळीसारखी उभी चिरतो, एका फाकेचं आकाश करतो. उत्पत्तीत देव पाण्याचे दोन भाग करतो. जुळलं, टाळ्या.

पण भाषेच्या अंगाने ते तसं नाही. अक्कादीतून शब्द उचलला असता तर मधला ‘ह’ आला नसता, कारण अक्कादीने तो केव्हाच गिळला होता. गुजरातीत ‘हाथ’, मराठीत ‘हात’. कुणी कुणाकडून घेतलेला नाही, दोघांना आजीकडून मिळालाय. तेहोम आणि तियामतचं तसंच.

शिवाय १९२८ साली सीरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याचा नांगर दगडाला अडला आणि उगारित नावाचं शहर सापडलं. तिथल्या पाट्यांत ‘लोतन’ नावाचा साप आहे, पळणारा, वेटोळ्यांचा. बायबलमधल्या यशयाच्या २७व्या अध्यायातल्या लिव्याथानालाही जवळजवळ तीच विशेषणं. म्हणजे समुद्रातल्या राक्षसाशी झुंज ही गोष्ट बाबिलोनहून आणायची गरजच नव्हती, ती शेजारच्या कनानी घरातच होती. गुंकेल आणि टिळक दोघांकडेही हा पुरावा नव्हता.

---

खडूस_मिरची

एकूण काय, चोरी म्हणायला तुमची जीभ रेटत नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर म्हणाला असता.

---

मातीची_पाटी

नसतो म्हणालो. पण जीभ का रेटत नाही ते सांगतो, कारण त्याला इतिहास आहे.

१३ जानेवारी १९०२ ला बर्लिनमध्ये फ्रीडरिश डेलित्श या मोठ्या असिरियाविद्या पंडिताने ‘बाबेल आणि बायबल’ या विषयावर भाषण दिलं. समोर कैसर विल्हेल्म. ज्ञान खरं होतं, पाट्या खऱ्या होत्या. पण पुढच्या भाषणांत सूर बदलत गेला: बाबिलोन श्रेष्ठ, ज्यूंचं सगळं उष्टं. १९२०च्या सुमाराला त्याने जुन्या कराराला ‘मोठी फसवणूक’ म्हणणारं पुस्तकच लिहिलं, सरळ ज्यूद्वेषी. त्यानंतरच्या जर्मनीचं काय झालं ते सांगायला नको. तो व्हॉट्सॲप फॉरवर्ड कुठल्या घरातून निघालाय ते बघितलं की ‘चोरी’ हा शब्द तितका निरागस राहत नाही.

दुसऱ्या टोकालाही खड्डा आहेच. १९६१ साली सॅम्युएल सँडमेल या रब्बी-पंडिताने अभ्यासकांच्या सभेतच सुनावलं होतं की तुम्हाला साम्यं शोधायचं वेड लागलंय.

आता मुद्द्यावर. अत्राहासिस नावाचं महाकाव्य गिल्गमेशच्या पुराच्याही आधीचं, त्याची प्रत इसवीसनपूर्व सतराव्या शतकातली. माणसं वाढली, गोंगाट वाढला, एन्लिल देवाची झोपमोड झाली. आधी रोगराई, मग दुष्काळ, शेवटी पूर. पुरानंतर देव तोडगा काढतात: काही बायकांना मूल होणार नाही, काही बाळं एक चेटकीण उचलून नेईल, काही पुरोहितिणींना लग्नच नाही. लोकसंख्या आटोक्यात.

नोहा तारवातून उतरल्यावर त्याला पहिला आदेश काय? ‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा, पृथ्वी भरून टाका.’ अत्राहासिस ज्याच्या कानावरून गेलंय त्याला हे कोरडं वाक्य वाटणार नाही. ते उत्तर आहे, तेही चढ्या आवाजातलं. आणि पुराचं कारण? गोंगाट नाही, हिंसाचार. सांगाडा घेतला, आतला जीव बदलला. त्याला चोरी म्हणालात तर सुनेने सासूच्या साडीची गोधडी शिवली तीही चोरी.

---

खडूस_मिरची

गोधडीला हरकत नाही. सासूला विचारलं होतं का एवढंच. ;)

---

बावखल

वसईहून. आमच्याकडे उपासनेत उत्पत्ती वाचताना हे कुणी सांगत नाही, पण लपवूनही ठेवलेलं नाही. १९४३ साली पोप पायस बारावे यांनी अभ्यासकांना परिपत्रकातून मोकळीक दिली की प्राचीन पूर्वेकडच्या लोकांच्या लिहिण्याच्या पद्धती समजून घ्या आणि मग बायबल वाचा. सेमिनरीत गिल्गमेश शिकवतात.

मला स्वतःला पाट्यांमुळे नोहा लहान वाटला नाही. उलट बाबेलच्या बुरुजाची गोष्ट पहिल्यांदा कळली. ‘दगडाऐवजी विटा आणि चुन्याऐवजी डांबर’ हे वाक्य लहानपणी उगाचच वाटायचं. पॅलेस्टाइनच्या डोंगरातल्या माणसाला बाबिलोनची ती पद्धत बघून नवल वाटलं असणार, दगडच नाहीत म्हणून विटा भाजताहेत! आणि ‘बाब-इली’, देवाचं दार, याची त्याने ‘बालल’, म्हणजे गोंधळ, अशी टर उडवली.

---

शनवारची_लेक

पहिल्यांदाच लिहितेय, चुकभूल द्यावीघ्यावी. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, माहेर अलिबागजवळ. आमच्या लोकांना गावात शनवार तेली म्हणायचे, तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद. आमच्याही मूळकथेत फुटलेलं जहाज आहे, नवगावच्या किनाऱ्याला सात पुरुष आणि सात बायका वाचल्या असं सांगतात.

धागा वाचून आमच्या घरातल्या कॅलेंडरकडे बघितलं. आमच्या सणांची नावं अस्सल मराठी. नव्याचा सण, दार फाळणीचा सण, अनशी ढाकाचा सण, पुरीमला होळीचा सण. आव महिन्याच्या नवमीला मंदिर पडलं त्याचं सुतक, त्याला बिरड्याचा सण. आजी वाल भिजत घालून मोड आणायची, सोलायला आम्हा सगळ्या पोरींना बसवायची. महिन्यांची नावं मात्र निसान, इय्यार, तम्मूज, आव, एलूल, तिश्री. ही हिब्रूच समजत होते मी. ती पण बाबिलोनची का?

---

मातीची_पाटी

ताई, स्वागत. उशिरा आलात, पण आख्ख्या धाग्यातला सगळ्यात पक्का पुरावा घेऊन आलात.

होय, सगळी बाबिलोनची. निसन्नू, अय्यारू, दुऊझू, अबू, उलूलू, तश्रीतू. आणि हे ज्यू परंपरेने कधी नाकारलेलंही नाही. जेरुसलेमच्या तल्मुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, सरळ म्हटलंय की महिन्यांची नावं बाबिलोनहून परतणाऱ्या ज्यूंसोबत आली.

आता तुमच्या बिरड्याकडे येऊ. मंदिर जाळलं बाबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजाच्या सैन्याने, इसवीसनपूर्व ५८६ च्या आसपास, आणि लोकांना कैद करून बाबिलोनला नेलं. त्याचं सुतक ज्या महिन्यात पाळायचं त्या महिन्याचं नाव त्याच बाबिलोनचं.

तम्मूज तर आणखी पुढचा. तो महिना देवाच्या नावाचा आहे, दुमुझी, इश्तार देवीचा प्रियकर, जो पाताळात जातो. यहेज्केलच्या आठव्या अध्यायात संदेष्ट्याला दिसतं की मंदिराच्या उत्तरेच्या दाराशी बायका तम्मूजसाठी रडताहेत, आणि तो संतापतो. आणि आज १७ तम्मूजला जगभरचे ज्यू उपास करतात, जेरुसलेमच्या तटाला भगदाड पडलं म्हणून. देव विसरला गेला, नाव राहिलं, रडणंही राहिलं, कारण तेवढं बदललं.

होळीच्या सणाचंही तेच. पुरीमच्या गोष्टीतली माणसं एस्तेर आणि मर्दखय. मर्दखयच्या नावात मर्दुक देव स्वच्छ ऐकू येतो. एस्तेर ही इश्तार असावी असं बरेच जण मानतात, काही जण फारसीतला तारा म्हणतात.

---

ठाणेकर_बाबा

कैदेत नेलेल्या लोकांना हे सगळं शिकायला वेळ कसा मिळाला? मी तर साखळदंड घातलेले गुलाम डोळ्यांसमोर आणत होतो.

---

मातीची_पाटी

साखळदंड वाटेत असतील. नंतर बहुतेकांना कालव्याकाठी जमिनी दिल्या, सारा भरा आणि सैन्यात या, या अटीवर. त्या भागातल्या सुमारे दोनशे पाट्या उजेडात आल्यात, त्यातली सगळ्यात जुनी इसवीसनपूर्व ५७२ ची. गावाचं नावच ‘आल-याहुदू’, यहूदावाडी म्हणा. जव, खजूर, कर्ज, भाडं, वाटणी, असले व्यवहार. पकडून नेलेल्या यहोयाखीन राजाला आणि त्याच्या मुलांना तेलाचा शिधा मिळायचा त्याच्या नोंदी तर खुद्द बाबिलोनच्या राजवाड्यात सापडल्या.

नंतर इराणच्या कोरेश राजाने इसवीसनपूर्व ५३९ मध्ये बाबिलोन घेतलं, परतायची मुभा दिली, तरी कित्येक जण तिथेच राहिले. बोलायला अरामी, जी बाबिलोनच्या कारकुनांचीही बोली झाली होती. कीलाक्षरं न वाचताही गोष्टी कानावर पडणार. आणि वाट काही फक्त कैदेची नव्हती. इस्राएलमधल्या मगिद्दोला गिल्गमेशच्या पाटीचा तुकडा मिळालाय, तो कैदेच्याही सातआठशे वर्षं आधीचा.

---

शब्दवेडी

अवांतर: देवघेव तिथेच थांबली नाही. निप्पुरच्या उत्खननात ज्यू घरांच्या जमिनीखाली पालथे पुरलेले मातीचे वाडगे निघाले, आत गोल गोल लिहिलेले अरामी मंत्र. इसवीसनाच्या पाचव्या ते सातव्या शतकांतले. लिलीथ घरात शिरू नये म्हणून. लिलीथ म्हणजे बाबिलोनची ‘लिलीतू’, वाऱ्यावर येणारी, बाळंतिणीला छळणारी. काही वाडग्यांवर तिला रीतसर फारकतनामा दिलाय! रब्बी यहोशूआ बेन पराह्या यांच्या नावाने, कायदेशीर भाषेत, आता या घराशी तुझा संबंध नाही म्हणून. आपल्याकडे हडळीला उतारा देतात, यांनी घटस्फोट दिला.

---

खडूस_मिरची

ही बाई मला आवडली. तिच्यावर वेगळा धागा काढा.

बरं, त्या महाकायांचं पुढे काय झालं? पुस्तक हरवलं म्हणता, मग मिलिकनी तुकडे ओळखले कशावरून?

---

मातीची_पाटी

मान गए मिरचीताई, हा प्रश्न मीच पहिल्या पोस्टीत घ्यायला हवा होता.

ओळखले मानीमुळे. मानी हा तिसऱ्या शतकातला धर्मसंस्थापक, बाबिलोनियात एका ज्यू-ख्रिस्ती पंथात वाढला. त्याने हे पुस्तक आपल्या धर्मग्रंथांत घेतलं आणि त्याचे अनुयायी ते पार मध्य आशियात घेऊन गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या वायव्य चीनमधल्या तुर्फानच्या वाळूत त्याची इराणी भाषांमधली पानं सापडली, ती हेनिंग या अभ्यासकाने १९४३ मध्ये छापली. तिथली नावं आणि कुमरानची नावं जुळली म्हणून मिलिकना उलगडा झाला. म्हणजे मृत समुद्राकाठच्या चुऱ्याची किल्ली चीनच्या सीमेवर होती.

तल्मुदातही एक थेंब उरलाय. बाशानचा राक्षसी राजा ओग, त्याच्याबद्दल रब्बी म्हणतात की तो अहियाचा मुलगा आणि शमहजाईचा नातू. अहिया म्हणजे आपला ओह्या, शमहजाई म्हणजे शमीहाजा. पुस्तक गेलं, वंशावळ राहिली.

आणि गिल्गमेश स्वतः? महाकाव्य मातीखाली गाडलेलं असताना त्याचं नाव एका भलत्या ठिकाणी तरंगत राहिलं. पंधराव्या शतकातला इजिप्तचा पंडित अल-सुयूती, त्याच्या नावाने चालणाऱ्या मंत्रतंत्राच्या मजकुरात भुताखेतांची यादी आहे. त्यात एक भूत ‘जिल्जमीश’. म्हणजे स्मिथने पाटी वाचली त्याच्या चारशे वर्षं आधी गिल्गमेश जिवंत होता, पण ज्यू लेखकाने ठेवला त्याच रांगेत, भुतांच्या.

---

नाईलकाठचा_पुणेकर

कामानिमित्त सहा वर्षं कैरोत होतो, म्हणून एक पुरवणी. अरबीतलं ‘जीम’ अक्षर बाकीचे अरब ‘ज’ म्हणतात, पण कैरोच्या बोलीत ते ‘ग’ होतं. जमाल तिथे गमाल. सुयूतीही कैरोचाच. ती यादी आज तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला मोठ्याने वाचायला दिली तर तो ‘जिल्जमीश’ म्हणणारच नाही.

तो म्हणेल ‘गिल्गमीश’.